पातळी पूर्ण

विमानाचं इंजिन वाऱ्याने गार व्हावं, पाण्याने नव्हे, हे माझं मत मी अडतीस वर्षं ज्याला त्याला ऐकवत आलो. कुणी विचारलं म्हणून नाही, न विचारताच. विमान जाईल तिथे वारा असतोच. तो सांडत नाही, गोठत नाही, उकळत नाही. सिलिंडरभोवती पातळ पात्यांची झालर असते, पुढून आलेला वारा त्या पात्यांमधून जातो आणि उष्णता घेऊन खालून निघून जातो. त्यात गळणारं काही नाही. "विमानात पाणी न्यायचंच असेल तर वैमानिकाला प्यायला न्या," असं मी म्हणायचो, आणि समोरचा हसला की आपण वाद जिंकलो असं धरून चालायचो.

माझा धाकटा भाऊ पाण्याच्या बाजूचा. आमचं वर्कशॉप एका छोट्या विमानतळाच्या कडेला आहे. लांबट पत्र्याची शेड, दोन टोकांना दोन टेबलं, मधे एकावेळी दोन विमानं मावतील एवढी जागा. त्याच्या टेबलावर रबरी पाइप आणि रेडिएटर, माझ्या टेबलावर पात्यांचे सिलिंडर. इथल्या वैमानिकांनी आमची नावं कधीच टाकून दिली होती. मी वारेमास्तर, तो पाणीमास्तर. तो शांतपणे सांगायचा की वाऱ्यावरचं इंजिन भरभर खाली उतरताना एकदम गार पडतं, धातू आक्रसतो आणि सिलिंडरच्या माथ्याला तडे जातात. पुढचा सिलिंडर गारठलेला तर मागचा भाजून निघालेला. पाणी सगळ्यांना सारखं वागवतं. तो म्हणायचा ते खरं होतं. असे तडे गेलेले सिलिंडर मी किती बदललेत त्याची गणती नाही. पण धाकट्यासमोर ते कबूल करणं माझ्या जिवावर यायचं.

आणि माझ्याकडे एक हुकमी एक्का होता. माझ्या इंजिनांत तापमापक थेट धातूत बसवलेला असतो. त्याच्या त्या इंजिनात तो पाण्याच्या वाटेवर. पाणी आहे तोवर काटा खरं बोलतो. पाणी कमी झालं की तापमापक कोरड्या पोकळीत लटकतो, आणि इंजिन जळत असताना काटा मात्र हिरव्या पट्ट्यात निवांत बसून राहतो. "तुझं इंजिन मरताना हसतं," असं मी त्याला चिडवायचो. तो म्हणायचा, "म्हणूनच तर पाणी भरल्यावर दोनदा बघायचं असतं, दादा."

दोनदा बघणं हा आमच्या घरचाच नियम. वर्कशॉप आमच्या वडिलांनी उभं केलं आणि त्यांनी कामाच्या कार्डावर दोन चौकटी छापून घेतल्या होत्या, एक 'केले' आणि दुसरी 'पाहिले'. ज्याने केलं त्याने 'पाहिले'वर सही करायची नाही. ती दुसऱ्या माणसाने, स्वतःच्या डोळ्यांनी बघून करायची. वडील गेल्यावर आम्ही दोघं भाऊ एकमेकांचं बघत आलो. वाद कितीही झाला तरी सहीच्या वेळी तोंड बंद आणि डोळे उघडे. निदान माझा तसा समज होता.

त्या दिवशी फ्लाइंग क्लबचं निळं विमान शेडमध्ये होतं. धाकट्याने त्याचे सगळे रबरी पाइप बदलले, नवीन पाणी भरलं. आम्ही पाणी म्हणतो, पण ते गोठू नये, गंजू नये म्हणून औषध घातलेलं हिरवं पाणी असतं. भरताना त्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतात. इंजिन एकदा चालवलं की ते सुटतात आणि पातळी खाली जाते. म्हणून इंजिन चालवून झाल्यावर ते पूर्ण गार होऊ द्यायचं, वरच्या टाकीचं झाकण उघडायचं, आत डोकावायचं आणि कमी पडेल तेवढं भरायचं. गरम असताना झाकण उघडलं तर तोंडावर वाफ येते, त्यामुळे घाई चालत नाही. दोन-अडीच तास थांबावं लागतं.

धाकट्याने इंजिन चालवलं, बंद केलं आणि हात पुसत माझ्याकडे आला. त्याला बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.

"दादा, पूर्ण गार होऊ दे. मग वरचं झाकण उघडून बघ. बाजूच्या जादा पाण्याच्या बाटलीवर जाऊ नकोस, ती फसवते. टाकीत कमी असलं तरी तिच्यात दिसतं."

"मला शिकवणार आता तू?"

"शिकवत नाही रे, सांगतोय."

"जा, तुला उशीर होईल."

तो गेला. माझ्या टेबलावर माझं इंजिन उघडं पडलं होतं, त्यात माझं डोकं गुंतलेलं. चाळीस मिनिटांनी मी उठलो आणि निळ्या विमानाकडे गेलो. जन्मभराच्या सवयीने सिलिंडरांच्या माथ्यांवर एकेक तळवा ठेवून पाहिला. वाऱ्याच्या इंजिनात हे पुरतं. एखादा सिलिंडर वेगळा लागला तर काहीतरी बिनसलंय. इथे चारही सारखेच गरम होते. खाली फरशी कोरडी. बाजूच्या बाटलीत पाणी दोन खुणांच्या बरोबर मधे. झाकणाला हात लावला तर चटका बसला. आणखी दीड तास या पाण्यासाठी थांबायचं, या विचाराने माझं डोकं सणकलं. वाऱ्याला कधी वाट बघावी लागली नाही मला. मी कार्ड घेतलं, 'पातळी पूर्ण' असं लिहिलं आणि 'पाहिले'च्या चौकटीत सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विमान खारू घेऊन गेली. खारू म्हणजे धाकट्याची मुलगी. लहानपणी शेडमधल्या शिड्यांवर सरसर चढायची म्हणून आम्ही ठेवलेलं नाव, ते सव्वीस वर्षांची वैमानिक झाली तरी तिला चिकटून राहिलं. क्लबमध्ये ती शिकवायची. दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण एकटीनेच करायचं असतं, तसं ती एकटीच गेली. वीस मिनिटांनी इंजिनाचा जोर गेला, जळका वास आला आणि मग पंखा जागच्या जागी थांबला. तिने विमान एका नांगरलेल्या शेतात उतरवलं. ढेकळांत चाक रुतून ते नाकावर उलटलं. उजवा हात मोडला, गळपट्टीचं हाड मोडलं, पण पोरगी स्वतःच्या पायांनी बाहेर आली. सगळ्या तळावर त्या दिवशी तिचं कौतुक चाललं होतं. ते एक दिवस टिकलं.

चौकशीला आलेल्या अधिकारी बाई बारीक अंगाच्या, बोलायला मृदू आणि कामाला चिवट. तीन दिवस त्यांनी इंजिन उघडून बघितलं. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसले होते, माथे वाकडे झाले होते. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांना क्लबच्या वर्गात बसवलं. भिंतीवर ढगांचे तक्ते, समोर फळा, आणि आम्ही विद्यार्थ्यांच्या बाकांवर.

"हे इंजिन एका क्षणात मेलं नाही," त्या म्हणाल्या. "दहा-बारा मिनिटं तापत होतं. वैमानिकाचा जबाब आहे की काटा शेवटपर्यंत हिरव्यात होता, उलट थोडा खालीच आला होता."

"होता," खारू म्हणाली. हात गळ्यात बांधलेला, आवाज ठाम. "मी दर मिनिटाला बघत होते."

"मी गेज तपासलं, तापमापक तपासला. दोन्ही ठणठणीत आहेत. आता, पाणी कमी असेल तर असा काटा फसवू शकतो, हे मला माहीत आहे. पण पाइप फुटलेत ते जमिनीवर आदळून. आधीची गळती असती तर आत हिरवा डाग उरला असता, तो कुठेच नाही. आणि आदल्या दिवशीच्या कार्डावर दोन सह्यांनिशी लिहिलंय, पातळी पूर्ण." त्यांनी कार्ड आमच्याकडे वळवलं. "पाणी पूर्ण होतं तर काटा खरं बोलत होता. काटा खरं बोलत होता तर तो लाल पट्ट्यात गेला होता, आणि तो बघितला गेला नाही. किंवा बघितला गेला आणि आता सांगितला जात नाही. चूक झाली असेल तर थोड्या दिवसांचं निलंबन. चौकशीत खोटं बोलणं मात्र परवान्यावर बेतेल."

कार्डावरची माझी सही चांगली ठसठशीत होती. मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. अडतीस वर्षांत माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि मला मनात वाटत होतं की कुठेतरी एखादा सैल क्लॅम्प सापडेल, एखादी चीर सापडेल, आणि माझी सही त्याच्या आड जाईल. मी घाबरलो होतो. याला दुसरा शब्द नाही.

बायको गेल्यापासून मी घराच्या खालच्या मजल्यावर एकटा राहतो आणि जेवायला वर धाकट्याकडे जातो. त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर कुणी फारसं बोलत नव्हतं. भावजय खारूला भात कालवून द्यायची, खारू डाव्या हाताने चमच्याने खायची. धाकटा दिवसभर शेडमध्ये मोडलेल्या विमानापाशी बसून एकेक क्लॅम्प भिंगाखाली धरायचा. स्वतःची चूक तो शोधत होता. सातव्या दिवशी जेवताना त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि मला विचारलं,

"दादा, तू झाकण उघडलं होतंस ना?"

विचारताना त्याच्या आवाजात संशय नव्हता. उलट माफी मागितल्यासारखा सूर होता.

"उघडलं होतं," मी म्हणालो.

"पूर्ण गार झाल्यावर?"

"अरे हो. काठोकाठ होतं पाणी."

एवढं मोठं खोटं माझ्या तोंडून इतकं सहज कसं निघालं, मला ठाऊक नाही. खारू माझ्याकडे बघत होती. तिला पाण्याच्या इंजिनाचं सगळं ठाऊक होतं, पाळण्यात असल्यापासून तिने आमची हीच भांडणं ऐकली होती. तिने डाव्या हातातला चमचा खाली ठेवला.

"काका, पाणी कमी असतं तर काटा हिरव्यातच राहिला असता ना?"

"राहिला असता. पण कमी नव्हतं."

"नक्की?"

"त्याला काय विचारतेस पुन्हा पुन्हा?" धाकटा एकदम तिच्यावर उखडला. मी त्याला तिच्याशी त्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "दादाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे पाणी होतं. म्हणजे काटा लालमध्ये गेला होता. अगं, चुकतं माणसाचं. बाहेर बघत राहिलीस असशील, काहीतरी विचारात असशील. पण खोटं का बोलतेस? खोटं बोललीस तर पुन्हा विमानाला हात लावता येणार नाही तुला!"

"मी खोटं बोलत नाहीये, बाबा."

"मग काका खोटं बोलतोय?"

भावजय म्हणाली, "जेवू द्या हो तिला."

खारूने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी ताटाकडे बघून पोळीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. ती उठली आणि आपल्या खोलीत गेली. दार तिने हळूच लावून घेतलं.

आठव्या दिवशी मी कामावर गेलो, पण हातून काही धड होईना. नटाचे आटे घसरले, पाना निसटून बोटाचं साल निघालं. संध्याकाळी घरी आलो तर भावजय जिन्यात भेटली. डोळ्यांवर नवीन चष्मा, त्यामागे डोळे सुजलेले. "भाऊजी, दिवसभर काही खाल्लं नाही तिने. दुपारी कुठेतरी जाऊन आली, तेव्हापासून पडून आहे. तुमचं ऐकते ती. तुम्ही एकदा बोला ना तिच्याशी." मी म्हणालो बोलतो, आणि खाली माझ्या खोलीत जाऊन बसलो. ती माझं ऐकते हीच तर भानगड होती.

नवव्या दिवशी सकाळी मी अधिकारी बाईंना गाठलं. क्लबच्या वर्गात त्या एकट्याच कागद लावत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. झाकण उघडलं नव्हतं. इंजिन गरम असतानाच सही केली. बाजूच्या बाटलीत डोकावलो आणि तेवढ्यावर पूर्ण लिहिलं. बुडबुडे सुटून वरच्या टाकीतली पातळी गेली असणार. तापमापक कोरडा पडला असणार, म्हणून काटा हिरव्यात. मुलगी खरं बोलत होती. भावाने काम चोख केलं होतं, मला बजावूनही गेला होता. चूक माझी एकट्याची.

त्यांनी सगळं लिहून घेतलं. मधे एकदाही मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "तुमचा सहीचा अधिकार आजपासून थांबतो. हे तुम्हाला माहीत असेलच."

"माहीत आहे."

"आणि हे बघा." त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. डाव्या हाताने लिहिलेलं वेडंवाकडं अक्षर, पहिली-दुसरीतल्या मुलाचं असावं तसं. 'काटा मी नीट पाहिला नसावा. तो लाल पट्ट्यात गेला असण्याची शक्यता आहे. माझा आधीचा जबाब मी मागे घेते.' खाली खारूची सही आणि आदल्या दिवसाची तारीख.

मी तो कागद दोनदा वाचला. मग बाकावर बसलो.

"पहिला जबाब तुमच्या सांगण्याशी तंतोतंत जुळतो," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "त्यामुळे परवान्याची काळजी करू नका. पण आता फाइलमध्ये तिचे दोन जबाब आहेत. पहिलाच खरा होता असं तिने लिहून दिलं पाहिजे. एका ओळीचं पत्र. ते आलं की मी तिच्यापुरतं प्रकरण बंद करते." त्यांनी कोरा फॉर्म दिला. "तुम्हीच न्या. घरातलेच आहात."

घरी धाकटा आणि भावजय बाहेरच्या खोलीत होते. खारू खिडकीजवळच्या खुर्चीत. मी फॉर्म टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या, जसं बाईंना सांगितलं तसंच सगळं त्यांनाही सांगितलं. मग धाकटा उठला. मला वाटलं मारतो की काय, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तो माझ्यासमोर आला. एवढंच म्हणाला, "मी तिला खोटारडी म्हटलं, दादा. तुझ्या शब्दावर." आणि आत निघून गेला. भावजयीने माझ्याकडे पाहिलं आणि तीही त्याच्या मागोमाग गेली.

खोलीत मी आणि खारू उरलो. मी तिच्याजवळ खुर्ची ओढून बसलो. म्हणालो, माझं चुकलं, मला क्षमा कर. हे शब्द मी आयुष्यात कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. तिने मान हलवली. ती क्षमा केल्याची होती की नुसतं ऐकल्याची, ते मला कळलं नाही.

"फॉर्म कशाचा आहे?" तिने विचारलं.

मी समजावून सांगितलं. एक ओळ लिहायची, पहिला जबाब खरा आहे, आणि सही. परवाना सुरक्षित. हात बरा झाला की उडायला मोकळी.

तिने पेन डाव्या हातात घेतलं. कागद सरळ केला. पेनाचं टोक टेकवलं आणि तशीच थांबली. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"काका, मला आठवत नाहीये," ती म्हणाली.

"काय आठवत नाही?"

"काटा. पहिले चार दिवस डोळे मिटले की दिसायचा. हिरव्यात, अगदी स्पष्ट. मग तुम्ही सगळे म्हणालात की पाणी पूर्ण होतं. मी रोज आठवून बघायला लागले, पुन्हा पुन्हा. मग कधी तो लालमध्ये दिसायला लागला, कधी हिरव्यात. परवा तर तू म्हणालास काठोकाठ होतं, त्यानंतर मला तो लालच दिसतोय. आत्ताही लालच दिसतोय."

"अगं, हिरव्यातच होता तो. आता तर सिद्धच झालं ना. मी सांगतो तुला."

"तू तिथे नव्हतास."

ती हे माझ्यावर फेकून बोलली नाही. साधं, खरं ते बोलली. मी म्हणालो, "बाळ, ही नुसती एक ओळ आहे. सगळ्यांना माहीत आहे की हेच खरं आहे. लिही आणि मोकळी हो."

तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळून अगदी मनापासून विचारलं, जसं लहानपणी शेडमध्ये एखादा पार्ट हातात धरून विचारायची तसं, "पण मला जे दिसत नाही, त्याच्यावर मी सही कशी करू?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सोसला असता. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि आख्ख्या घरात हा प्रश्न विचारण्यासारखा माणूस तिला अजूनही मीच वाटत होतो. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग फॉर्म डाव्या हाताने नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "त्यांना सांग, आठवलं तर देईन."

फॉर्म अजून माझ्याकडे आहे. खारूचा हात बरा झाला, परवानाही कायम आहे, पण ती अजून उडत नाही.